पहिल्या गिअरची उसंत

गिअरबॉक्स रोज हाताला लागतो आणि डोळ्यांना कधीच दिसत नाही. बॉनेट उचललं की इंजिन कुणालाही दाखवता येतं. चाकं, स्प्रिंगा, ब्रेकचे ड्रम खाली वाकलं की दिसतात. गिअरबॉक्स मात्र दोन सीटांच्या मधल्या पत्र्याच्या बोगद्यात, काळोखात, स्वतःच्या तेलात बसून असतो. बाहेर येतो तो एक आखूड दांडा. त्या दांड्याच्या मुठीतून तळव्याला जे कळेल तेवढीच आपली त्याच्याशी ओळख. गिअर अलगद पडला, अडला, कुरकुरला, निसटला, एवढ्या बातम्यांवर माणसं वर्षानुवर्षं गाडी चालवतात आणि एक दिवस विकूनही टाकतात. म्हणून जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली तेव्हा ज्या कामाकडे माझा सगळा जीव लागला होता ते हे होतं. रंग, क्रोम, सीटांचं चामडं होईल तेव्हा होवो. मला तो बॉक्स खोलायचा होता.

गाडी १९६५ सालची एमजीबी. उघड्या टपाची, दोघांपुरती, लाल. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सकाठी ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथे १९२९ पासून १९८० पर्यंत एमजी गाड्या तयार होत होत्या. त्या जागेवर आधी चामड्याचा कारखाना होता. यंत्राने सरकणारा पट्टा तिथे कधी आलाच नाही. अर्धी जोडलेली गाडी कामगार हाताने ढकलत पुढच्या माणसापर्यंत नेत. एमजीबीचा आराखडा ज्यांच्या देखरेखीखाली झाला ते सिड एनेव्हर शाळा सुटल्यासुटल्या मॉरिस गॅरेजेसमध्ये पोऱ्या म्हणून लागले होते आणि तिथूनच मुख्य अभियंत्याच्या जागेपर्यंत चढले. १९६२ मध्ये पहिली एमजीबी बाहेर पडली आणि १९८० च्या ऑक्टोबरात कारखाना बंद होईपर्यंत पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या. मी नोकरीसाठी या भागात आले तेव्हा यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. कळत गेलं ते गाडी घेतल्यावर, एकेक बोल्ट सोडवताना.

गाडी घेतली तेव्हापासूनच ती बोलत होती. इंजिन चालू, गाडी उभी, दांडा न्यूट्रलला, क्लचवरचा पाय काढलेला, की बोगद्यातून जात्यासारखी घरघर सुरू. क्लच दाबला की थांबे. चालवताना पहिल्या तिन्ही गिअरांत ती असेच, आणि दुसऱ्यात तर दांडा मुठीत थरथरत असे. चौथा टाकला की मात्र एकदम शांतता. पुस्तक उघडण्याआधी मी साताऱ्याला मामांना फोन लावला. मामांनी हयातभर सरकारी अँबॅसडर चालवली. खंबाटकीचा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल याची गणती त्यांच्याकडेही नाही. मी फोन सीटांच्या मध्ये, कार्पेटवर ठेवला आणि त्यांना आवाज ऐकवला.

“उभ्या गाडीला आवाज हाय. क्लच दाबल्यावर जातो?”

“जातो, मामा.”

“पयल्या, दुसऱ्या, तिसऱ्याला?”

“येतो. दुसऱ्याला जास्त.”

“आन् टॉपला?”

“टॉपला जवळजवळ बंद.”

“मग पोरी, दुसरं काय बी बघू नको. खालचा शाफ्ट गेला.”

मामांनी एमजीबी उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. पण त्यांनी जे ओळखलं ते तंतोतंत बरोबर होतं, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. या गिअरबॉक्समध्ये दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर एकाच रेषेत दोन शाफ्ट, एक इंजिनाकडून येणारा आणि दुसरा चाकांकडे जाणारा. खालच्या मजल्यावर लेशाफ्ट, आणि त्यावर फिरणारा चार दातेरी चाकांचा एकसंध लोखंडी गठ्ठा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरात ताकद वरून खाली जाते आणि खालून पुन्हा वर येते. चौथ्यात वरचे दोन शाफ्ट एकमेकांना सरळ जोडले जातात. इंजिनाचा एक फेरा म्हणजे मागच्या शाफ्टचाही एकच फेरा. खालचा गठ्ठा तेव्हाही फिरतो, पण रिकामा. त्याच्या खांद्यावर ओझं नसतं. ओझं असताना ओरडणारी आणि ओझं उतरताच गप्प होणारी वस्तू कोणती, एवढाच प्रश्न होता. मामांनी तो टॉपचं विचारून सोडवला.

आणि ते कुठल्या परक्या यंत्राबद्दल बोलतही नव्हते. त्यांची अँबॅसडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती. ॲबिंग्डनपासून थोड्याच मैलांवरच्या काउलीत जन्मलेली आणि पुढे बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्समध्ये २०१४ पर्यंत बनत राहिलेली. तिच्यातलं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीजचं. १९५५ ची एमजीए त्याच इंजिनावर धावली आणि तेच वाढवत वाढवत एमजीबीसाठी १७९८ सीसी झालं. गिअरबॉक्सही त्याच घराण्यातला. अँबॅसडरचा दांडा स्टिअरिंगला आणि एमजीबीचा जमिनीला, एवढा वरवरचा फरक. आत तेच चार गिअर, आणि दोघींच्याही पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवून देणारी रचना, नाही. खादीच्या टोप्या, लाल दिवा, मागच्या काचेला पांढरे पडदे असलेली ती भारदस्त गाडी, आणि वाऱ्यात केस उडवत जाणाऱ्या इंग्रज तरुण-तरुणींसाठी काढलेली ही बुटकी लाल गाडी. बोगद्याच्या अंधारात दोघींची कुळकथा एक आहे. हे कळल्यावर परदेशातल्या त्या थंड गॅरेजात मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा निघत नाही. खालून काढावा तर जागा नाही, म्हणून इंजिन आणि तो जोडीनेच वर काढावे लागतात. पाणी काढा, रेडिएटर काढा, तेल काढा, मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडा, खालचा आडवा पाळणा सोडा आणि मग क्रेनच्या साखळीला लटकवून पुढचं टोक वर, मागचं टोक खाली अशी उभट तिरकी करून जोडी बाहेर घ्या. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ मदतीला आले होते. ते बोगद्यात डोकं घालून बॉक्सचं शेपूट धरत होते आणि मी साखळी ओढत होते. त्यांना माझं मराठी कळत नव्हतं, मला त्यांच्या बोलीतला अर्धा भाग कळत नव्हता, पण साखळी ओढताना माणसं जे हुंकार देतात ते सगळीकडे सारखेच असतात.

बाकावर आल्यावर बॉक्स स्वच्छ करण्यातच बराच वेळ गेला, आणि तो वेळ मी मुद्दाम जाऊ दिला. ॲल्युमिनियमच्या ओतीव कवचावर अनेक दशकांच्या तेलाचा आणि रस्त्याच्या धुळीचा काळा लेप होता. रॉकेलने आणि ब्रशने तो उतरवत गेलं की खालून धातूची करडी, किंचित खरखरीत कातडी दिसू लागते. साच्याची सांध-रेघ दिसते. त्या रेघेवरून कुणीतरी कानस फिरवल्याच्या तिरप्या खुणा दिसतात. त्या हाताने दिवसभरात असे कितीतरी बॉक्स घासले असतील. मला मात्र हा एकच बॉक्स धुवायचा होता, आणि त्या तिरप्या रेघा मी पुसल्या नाहीत.

बाजूचं झाकण काढलं आणि मामांचं निदान उजेडात आलं. लेशाफ्ट स्वतः फिरत नाही. तो कवचात घट्ट बसलेला असतो आणि दातेरी गठ्ठा त्याच्याभोवती, सुईसारख्या बारीक रोलरांवर फिरतो. दात्यांचा दाब त्याला कायम एकाच दिशेने ढकलतो. त्यामुळे शाफ्टची एक बाजू आरशासारखी कोरी राहिली होती आणि दुसरीवरून खवले निघाले होते. या पोलादाला वरवर कडक केलेली पातळ साल असते आणि आत मऊ गर. साल शाबूत आहे तोवर असा शाफ्ट तीस तीस वर्षं चालतो. एकदा का एक खवला निघाला की त्याचा चुरा रोलरांखाली सापडतो, तो दुसरा खवला उचकटतो आणि मग झीज स्वतःच स्वतःला वाढवत नेते. बोटाचं नख त्यावरून फिरवलं तर अडकत होतं. तळाच्या तेलात चांदीची बारीक पूड चमकत होती. ती सगळी एके काळी या शाफ्टची साल होती.

सिंक्रोची रचना मात्र मी पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहिली. मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळात, १८९० च्या दशकात, पॅरिसच्या एमिल लव्हासोर यांनी सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स रूढ केला. फिरतं चाक सरळ दुसऱ्या फिरत्या चाकात ढकलायचं. ही पद्धत रानटी आहे पण चालते, असं ते स्वतःच म्हणत अशी कथा आहे. वेग जुळले नाहीत तर दाते दात्यांवर आपटणार, आणि ते जुळवण्याची सगळी जबाबदारी चालवणाऱ्याच्या कानावर आणि पायावर. पुढे अर्ल थॉम्प्सन या अमेरिकन अभियंत्याने वेग जुळवण्याचं काम यंत्राकडे सोपवलं आणि १९२८ मध्ये कॅडिलॅकने ती सिंक्रोमेश आपल्या गाड्यांत आणली.

माझ्या बॉक्समध्ये ते काम एक पितळी रिंग करते. दातेरी चाकाच्या एका बाजूला पोलादी शंकू असतो आणि त्यावर ही रिंग टोपीसारखी बसते. रिंगच्या आतल्या अंगावर केसाएवढ्या बारीक चऱ्या असतात. गिअर टाकला की रिंग शंकूवर दाबली जाते, चऱ्या मधलं तेल पुसून काढतात, पितळ पोलादाला धरतं आणि दोघांचे वेग जवळ येऊ लागतात. जोवर फरक आहे तोवर रिंगचे छोटे दाते आडवे राहून वाट अडवतात. फरक संपला की तेच दाते बाजूला होतात आणि गिअर आत जातो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. पोलादापुढे पितळ मऊ, म्हणून दर वेळी झिजतं ते पितळ. ते झिजावं म्हणूनच तिथे ठेवलेलं आहे. तिसऱ्या-चौथ्याच्या रिंगांच्या चऱ्या अजून नखाला लागत होत्या. दुसऱ्याची रिंग आतून गुळगुळीत झाली होती आणि शंकूवर एखाद्या सैल अंगठीसारखी टेकत होती.

यावरून गाडी कुठे चालली ते कळतं. जी दुसरा गिअर एवढा खाते ती गाडी शहरात चाललेली असते. सिग्नल, वळण, सायकलवाला, पुन्हा सिग्नल. लांब रस्त्यांवर धावलेल्या गाडीची झीज वेगळी असते. आणि पहिल्या गिअरचे दाते त्याहून स्पष्ट बोलतात. या बॉक्समध्ये पहिल्या गिअरचं चाक आणि दुसऱ्याच्या सिंक्रोचं बाहेरचं कडं ही एकच वस्तू आहे. ती पुढे सरकली की दुसरा, मागे सरकली की पहिला. दुसऱ्याकडे जाताना तिला पितळी रिंग सांभाळून घेते. पहिल्याकडे जाताना मध्ये कुणी नाही. तिचे सरळ दाते खालच्या गठ्ठ्याच्या सरळ दात्यांत थेट घुसतात, लव्हासोर यांच्या काळात घुसायचे तसे. माझ्या चाकाच्या दात्यांच्या कडा एका बाजूने दुमडल्या होत्या. चालत्या गाडीत पहिला टाकण्याची धडपड कुणीतरी अनेक वर्षं केली होती. मी त्या कडांवर बोट फिरवत बराच वेळ बसले. मला त्या माणसाचा राग आला नाही. पावसात, चढावर, मागे हॉर्न वाजत असताना हात घाई करतो. त्याला कुणी सांगितलं नसेल की हा गिअर मागायचा असतो.

मला मामांनी सांगितलं होतं. सुट्टीत साताऱ्याला गेले की कधी तरी संध्याकाळी गाडी धुवायला घेण्याआधी ते मला शेजारी बसवून मैदानात चक्कर मारत. “पयला गिअर मागून घ्यायचा, हिसकायचा न्हाई,” असं म्हणून ते उभ्या गाडीतसुद्धा आधी दुसऱ्याकडे दांडा टेकवत आणि मग पहिल्यात ओढत. तेव्हा मला ती त्यांची लकब वाटे. बाकावर बॉक्स उघडा पडल्यावर त्यातलं शास्त्र दिसलं. गाडी उभी असते तेव्हा मागचा शाफ्ट थांबलेला असतो, पण क्लच दाबल्यावरही खालचा गठ्ठा थोडा वेळ स्वतःच्या नादात फिरत राहतो. दांडा दुसऱ्याला टेकवला की दुसऱ्याची पितळी रिंग त्या फिरत्या गठ्ठ्याला थांबलेल्या शाफ्टशी बांधते, म्हणजे ब्रेकच लावते. मग पहिला आवाज न करता पडतो. दुसऱ्याच्या रिंगेकडून पहिल्यासाठी उसनं घेतलेलं काम आहे हे. मामांनी हा बॉक्स कधी उघडा पाहिला होता की नाही, मी विचारलं नाही. त्यांच्या हाताला ते माहीत होतं.

पुढचा प्रश्न हाच बॉक्स परत बसवायचा की नाही, हा होता. जाणकारांनी मला दोन वाटा सुचवल्या. एमजीबीला १९६७ च्या अखेरीस, दुसऱ्या आवृत्तीत, चारही गिअरांना सिंक्रो असलेला बॉक्स आला. तो जास्त मजबूत आहे, पण आकाराने मोठा. त्यासाठी कारखान्याने बोगदाच रुंद केला होता. म्हणजे माझ्या गाडीत तो बसवायचा तर पत्रा कापावा लागणार. दुसरी वाट फोर्ड सिएराच्या पाच गिअरांच्या बॉक्सची. त्याचे तयार संच मिळतात, आणि ज्यांना रोज मोटरवेवरून जायचं आहे त्यांना मी तोच सुचवेन. ताशी ७० मैलांना माझं इंजिन मिनिटाला जवळपास ३९०० फेरे घेतं आणि ते कानांना कळतं. पाचवा गिअर ती दगदग कमी करतो, यात वाद नाही.

तरीही मी जुनाच बॉक्स ठेवला, आणि याचं कारण केवळ अस्सलपणाचा हट्ट नाही. अस्सलपणाच्या नावाखाली गाड्या काचेत ठेवल्या जातात, ते मला पटत नाही. माझं कारण तो पहिला गिअर आहे. आज मी कामावर जाते ती गाडी माझ्याकडून काहीच मागत नाही. दांडा नाही, क्लच नाही; पाय दाबला की ती पुढे, सोडला की मागची सगळी गणितं तिची ती करते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या लाल गाडीत एक जागा अशी शिल्लक आहे जिथे दोन वेगांची गाठ माणसानेच घालायची आहे. गाडी सरकत असताना दुसऱ्यातून पहिला हवा असेल तर मध्ये न्यूट्रलवर थांबावंच लागतं. त्या थांब्यात इंजिनाचा आवाज ऐकावा लागतो, गाडीचा वेग पाठीला जाणवावा लागतो आणि दोघांचं किती अंतर आहे याचा अंदाज बांधावा लागतो. एका यंत्राने माझ्याकडे एवढं लक्ष मागावं, हा मला सन्मान वाटतो. ती जागा बुजवायला मी तयार नव्हते.

मग जोडणी. नवा लेशाफ्ट आला तेव्हा आधी त्याच्या टोकाला, जिथे रोलर फिरत नाहीत तिथे, कानशीचा हलका हात लावून पाहिला. कडक पोलादावरून कानस घसरते, मऊ पोलादाला चावते. बाजारात नव्या म्हणून मिळणाऱ्या सगळ्याच शाफ्टांची साल सारखी कडक नसते, म्हणून ही परीक्षा घ्यावीच. कानस घसरली. नव्या रिंगा शंकूंवर बसवून, दाबून, फिरवून पाहिल्या; चांगली रिंग जागीच धरून राहते. पहिल्या गिअरच्या दात्यांच्या दुमडलेल्या कडा तेलाच्या दगडाने अलगद सारख्या केल्या. त्यांची पूर्वीची धार परत येणार नाही, पण बोटाला टोचणारं काही राहिलं नाही. झीज फार खोल गेली असती तर चाकच बदलावं लागलं असतं. ती तेवढी गेली नव्हती.

सिंक्रोच्या हबमध्ये तीन गोळ्या असतात आणि त्यांच्या पाठीमागे तीन स्प्रिंगा. खोलताना हब कापडात गुंडाळूनच कडं सरकवायचं, नाहीतर गोळ्या गॅरेजभर उडतात. बसवताना तिन्ही एकाच वेळी आत दाबून त्यावरून कडं चढवायचं. याला दोन हात कमी पडतात, म्हणून पत्र्याची पातळ पट्टी भोवती आवळून गोळ्या दाबून धरल्या आणि पट्टीवरून कडं पुढे ढकललं. तिन्ही गोळ्या खाचेत बसल्याचा टक असा आवाज आला तेव्हा मी एकटीच असून मोठ्याने “आहा” म्हणाले.

लेशाफ्ट बसवण्याची युक्ती तर मला फारच सुंदर वाटते. गठ्ठा आधी कवचाच्या तळाशी ठेवून द्यावा लागतो, कारण तो जागेवर असेल तर वरचे शाफ्ट आत जात नाहीत. पण गठ्ठ्याच्या पोटातले सुईरोलर शाफ्टविना जागेवर राहणार कसे? म्हणून खऱ्या शाफ्टपेक्षा किंचित बारीक आणि गठ्ठ्याएवढाच लांब असा एक खोटा शाफ्ट करून घ्यायचा. रोलर ग्रीसमध्ये बसवायचे, खोटा शाफ्ट आत सारायचा आणि गठ्ठा तळाला निजवायचा. वरची सगळी मांडणी झाली की गठ्ठा उचलून छिद्रांच्या रेषेत आणायचा आणि खरा शाफ्ट एका बाजूने हळूहळू आत ढकलायचा. तो जसजसा येतो तसतसा खोटा दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. एकही रोलर न हलता अदलाबदल होते. ज्या कुणाला हे पहिल्यांदा सुचलं त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

गठ्ठ्याच्या दोन टोकांना थ्रस्ट वॉशर असतात आणि ते वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. गठ्ठ्याला लांबीत किती मोकळीक ठेवायची हे त्यांच्यावर ठरतं. ती दोन ते तीन हजारांश इंच असावी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. त्याहून कमी ठेवली तर तापल्यावर आवळेल, जास्त ठेवली तर दर वेळी मागे-पुढे आदळेल. फीलर गेजची पाती सरकवायची, वॉशर बदलायचा, पुन्हा पाती सरकवायची. या कामाला घाई चालत नाही. मधल्या वेळात किटलीत पाणी उकळत होतं, आणि तेही कामाचंच होतं. मोठी बेअरिंगं कवचात ठोकून बसवू नयेत. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून कवचावर उकळतं पाणी ओतलं की बेअरिंगची जागा क्षणभर सैल होते आणि बेअरिंग हाताच्या दाबाने आत उतरतं. कवच निवलं की ते असं धरतं की पुन्हा कवच तापवल्याशिवाय निघू नये.

तेल मात्र साधं, इंजिनातलंच, २०-५० ग्रेडचं. गिअरचं तेल म्हणून जे दाट, गंधकयुक्त तेल विकलं जातं त्यातली काही पितळाला खातात. ज्या रिंगांवर हा सगळा डोलारा उभा आहे त्यांना आपल्याच हाताने विष का घालावं?

इंजिन-गिअरबॉक्स परत चढवून, सगळं जोडून गाडी बाहेर काढली तेव्हा न्यूट्रलमध्ये क्लच सोडला आणि कान लावले. इंजिन ऐकू येत होतं. खालून काहीच नाही. पहिल्या गिअरात निघाले तर सरळ दात्यांची ती उंच शीळ आली, पण ती त्याची स्वतःची आहे, कारखान्यातून आली तेव्हापासूनची. ती ऐकू आली नसती तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं. ऑक्सफर्ड आणि ॲबिंग्डनच्या मध्ये बोअर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्या अरुंद चढाच्या गल्लीत समोरून घोड्यावर बसलेली एक मुलगी आली आणि मला गाडी अगदी हळू करावी लागली. दुसरा गिअर, ताशी १२ मैल, इंजिन १५०० च्या आसपास आणि पुढे चढ. पहिला हवा होता, आणि गाडी थांबवायची नव्हती. दुसऱ्याचं प्रमाण २.२१, पहिल्याचं ३.६४. म्हणजे त्याच वेगाला पहिल्यात इंजिन २५०० च्या जवळ फिरायला हवं. क्लच दाबला, दांडा न्यूट्रलला आणला, क्लच सोडला. आता इंजिन आणि खालचा गठ्ठा एकत्र फिरत होते, चाकांशी त्यांचा संबंध तुटलेला. ॲक्सिलरेटर किंचित दाबला, इंजिनाचा सूर वर चढला, हवा तेवढा चढला असं कानाला पटलं तेव्हा पुन्हा क्लच दाबून दांडा ओढला. तो आत पडला. दात्याला दाता लागल्याचा आवाज नाही, मुठीला झटका नाही. मुलीने हात वर केला, मी हात वर केला आणि गाडी चढ चढत राहिली. मला खूप आनंद झाला, आणि तो आनंद मी लपवणार नाही. ट्रक आणि एसटीचे जुने ड्रायव्हर घाटात दिवसभर डबल क्लच मारत, त्यांच्यासाठी ही रोजची हातचलाखी होती. एवढ्या बारीक कौशल्याला कधी कुणी कला म्हटलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

संध्याकाळी मामांना फोन केला. त्यांनी पुन्हा आवाज ऐकवायला सांगितला. मी न्यूट्रल ऐकवलं, मग फोन सीटवर ठेवून गल्लीत एक चक्कर मारली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

“बॉक्स झ्याक झालाय. पण गाडी सोडताना आन् धरताना मागं टक्क करतंय, ते ऐकलंस का?”

मी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं त्या घरघरीखाली ते दबलेलं होतं. पुन्हा चालवून पाहिलं, ॲक्सिलरेटर सोडला, दाबला, आणि खरंच मागच्या ॲक्सलमधून टक्क आलं.

“डिफ्रन्सलमधले वायसर झिजले असतील,” मामा म्हणाले. “मागचं चाक उचलून हातानं हलवून बघ, किती मोकळं हाय.”

डिफरन्शियलच्या पोटात छोट्या चाकांच्या पाठीशी तांब्याचे आणि फायबरचे पातळ वॉशर असतात. एमजीबीत ते झिजतात हे प्रसिद्धच आहे. चाक उचलून हलवलं तर ते पाव फेऱ्याच्या जवळपास मोकळं फिरलं आणि मग टक्क करून अडलं. मी वॉशर मागवलेत. ते येईपर्यंत ॲक्सलवरचा चिखल खरवडायचं काम आहे, आणि मामांनी सांगितलंय की खोलण्याआधी तेल काढशील तेव्हा तळाला हाताने चाचपून बघ, त्यात काय काय सापडतं ते मला कळव.